खेकड्यावरचे तीन आळ

खेकडा हा असा प्राणी आहे की त्याला खाणारे पुष्कळ, नावे ठेवणारे त्याहून पुष्कळ, पण ओळखणारे फार थोडे. कुणी सरळ बोलला नाही की तो खेकडा. कुणी कुणाच्या पुढे जाण्याच्या आड आला की तो खेकडा. वस्तीतल्या मंडळाची बैठक मोडली, पतपेढीच्या निवडणुकीत दोन गट पडले, युनियनमध्ये फूट झाली, की कुणीतरी मोठा माणूस उठतो आणि सांगतो, "आपली जातच खेकड्याची!" सगळे हसतात आणि घरी जातात. पण बोलणाऱ्याने आणि हसणाऱ्याने खेकड्याच्या बिळात कधी हात घातलेला नसतो.

आमच्या घरातल्या बायांनी तो घातलेला होता. म्हणून या गरीब प्राण्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. माझ्या माहितीत त्याच्यावर तीन मोठे आळ आहेत. एक पाय ओढण्याचा, दुसरा रोगाचा आणि तिसरा धरण फोडल्याचा. तीनही आळांचा विचार करू. पण आधी आरोपीची ओळख करून घेऊ, कारण ओळख नसताना निवाडा करू नये.

आरोपीची ओळख

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. बाबा मुंबईला गिरणीत, आणि आये आम्हा चार भावंडांना घेऊन गावी. जमीन म्हणाल तर दोन वाफे. जेठ-आषाढात कणगीचा तळ दिसू लागायचा. पावसात समुद्र खवळलेला, त्यामुळे ओली मासळी मिळत नसे, आणि सुकी विकत घ्यायला पैसा नसे. त्या दिवसांत ओढ्यातली किरवी हीच आमची मासळी. आमच्याकडे गोड्या पाण्यातल्या खेकड्याला किरवा किंवा किरवी म्हणतात. रायगड-ठाण्याकडे शेतातल्या खेकड्यांना मुठे म्हणतात. खाडीतली मोठी ती चिंबोरी, आणि मालवण-गोव्याकडे गेलात की कुर्ली. नावे चार, पण घराणे एकच.

या घराण्याचा पसारा फार मोठा आहे. जगात खेकड्यांच्या सुमारे ७ हजार जाती आहेत. काही शिंपल्याच्या आत राहणारे, वाटाण्याएवढे. आणि जपानच्या समुद्रात एक असा आहे की पाय पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ फूट भरतात. म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीत त्याला पाय पसरून बसता यायचे नाही.

खेकड्याला पाय दहा. त्यांतले पुढचे दोन म्हणजे नांग्या, ज्यांना आमच्याकडे डेंगे म्हणतात. धरायला, फोडायला, लढायला आणि घास तोंडाशी न्यायला डेंगे. बाकीचे आठ चालायला. समुद्रातल्या पोहणाऱ्या खेकड्यांचे शेवटचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. बाजारात चिंबोऱ्या घ्यायला जाल तेव्हा उलटून बघा, लगेच दिसेल. डोके वेगळे नाही, मानही नाही. डोके आणि छाती मिळून एकच पेटी, आणि तिच्यावर टणक कवच. डोळे देठांवर बसवलेले, हवे तेव्हा उभे करायचे आणि धोका दिसला की खाचेत आडवे ठेवायचे. दात तोंडात नसून पोटात असतात, म्हणजे खाल्लेले अन्न पोटातच दळले जाते. रक्त तांबडे नसते, फिकट निळसर असते, कारण आपल्या रक्तात लोह असते तसे त्याच्या रक्तात तांबे असते.

तो तिरका चालतो याची सगळे थट्टा करतात. त्यात वाकडेपणा काही नाही. आपला गुडघा जसा एकाच बाजूला वाकतो, तसे त्याच्या पायांचे सांधे बाजूला वाकतात. आठ पाय एका ओळीत गुंतू न देता पळायचे तर आडवे पळणेच सोयीचे. सावकाश चालताना तो पुढेही चालू शकतो, आणि काही जाती तर सरळच चालतात.

श्वास तो माशासारखा कल्ल्यांनी घेतो. पण कल्ले कवचाच्या आत झाकलेले असल्यामुळे तिथे ओल टिकते, म्हणून पाण्याबाहेरही तो जगतो. आपल्या किरव्यांना तर ओल्या हवेतून श्वास घेण्याची चांगलीच सवय असते. बाहेर काढलेला खेकडा तोंडाला फेस आणतो तेव्हा लोक म्हणतात, रागावला. तो राग नसतो. कल्ल्यांशी धरून ठेवलेले पाणी हवेत घुसळले जाऊन त्याचा फेस होतो. जीव घुसमटलेल्याला रागीट म्हणण्याची चूक माणसांच्या बाबतीतही होते.

नर-मादी ओळखायला आयेने मला पाचव्या-सहाव्या वर्षीच शिकवले. खेकडा उलटा धरायचा. पोटाखाली एक घडी घातलेली झडप दिसते. ती खरे तर त्याची दुमडलेली शेपटी. नराची अरुंद आणि टोकदार, मादीची रुंद आणि गोल. आये तिला 'पदर' म्हणायची. आणि खरोखरच तो पदर असतो. खाडीतली चिंबोरी लाखांच्या घरात अंडी त्या पदराखाली वागवते. तिची पिले मात्र आईसारखी दिसत नाहीत. ती समुद्राच्या पाण्यात सुटतात, बारीक किड्यांसारखी तरंगतात, रूपे बदलत बदलत शेवटी खेकडा होतात, आणि त्यांतली बहुतेक वाटेतच कुणाच्या तरी पोटात जातात.

डोंगरातल्या किरवीचे तसे नाही. तिची अंडी थोडी, फार तर काही शे, पण मोठी. त्यांतून थेट पिलेच बाहेर येतात, आईची हुबेहूब नक्कल, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि बाहेर आल्यावरही ती काही दिवस आईच्या पदराखालीच राहतात. ही पिले समुद्राला कधी जात नाहीत. ज्या ओढ्यात जन्मली त्याच डोंगरात त्यांची वस्ती. म्हणून सह्याद्रीत जागोजागी वेगवेगळ्या जातींचे खेकडे आहेत. भारतात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत, आणि अजून नव्या सापडत आहेत. २०१६ साली उत्तर सह्याद्रीतून एकाच शोधनिबंधात ५ नव्या जातींची नोंद झाली.

आमच्या आयेचा एक नियम होता. रात्री ओढ्याला चूड पेटवून गेलो आणि हाताला किरवी लागली, की आधी तिला उलटी करून बघायची. पदराखाली अंडी किंवा पिले असली तर तिथेच पाण्यात सोडायची. टोपली रिकामी असली तरी सोडायची. एकदा मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "बाय, लेकुरवाळीला धरायची नाय. ती उद्या आपल्याच कामाला येनार." यात दयाही होती आणि हिशेबही होता.

बिळात हात घालायचीही रीत असते. बिळाच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असल्या तर मालक घरात आहे असे समजायचे. गोळ्या नसल्या, तोंड गुळगुळीत असले, तर हात घालायचा नाही, आत जनावर असू शकते. काठीने आधी चाचपायचे. हात घातला की खेकड्याला मागून, कवचाच्या कडांना धरायचे, म्हणजे डेंगे पोचत नाहीत. आणि चावलाच तर हिसका द्यायचा नाही. हात जमिनीला लावून गप्प राहायचे, पायाखाली जमीन मिळाली की तो आपणहून सोडतो. हे सगळे शास्त्र आयेला शाळेची पायरी न चढता येत होते.

उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा किरव्या बिळात खोल जातात, जिथवर ओल आहे तिथवर. आणि मिरगाचा पाऊस पडून डोंगरातून पाणी आले की एका रात्रीत बाहेर येतात. पाणथळीत पडलेली कुजकी पाने, मेलेले किडे, गांडुळे, गोगलगायी जे मिळेल ते खातात. म्हणजे ओढ्याची सफाई करतात. आणि त्यांना खाऊन बगळे, मुंगूस, पाणमांजर जगतात. त्यांच्या रांगेत आम्हीही होतो.

सगळ्यांत नवलाचे म्हणजे खेकड्याचे वाढणे. कवच टणक असते, ते वाढत नाही. आत अंग वाढते आणि घर लहान पडते. मग जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच तयार होते, मागच्या बाजूने जुने उकलते, आणि खेकडा मागे सरकत सरकत आपल्याच अंगातून बाहेर येतो. पाय, डोळे, मिशा सगळे सोडवून घेतो. मग पाणी शोषून फुगतो आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत लपून बसतो. त्या दिवसांत तो लोण्यासारखा मऊ असतो, त्याला कुणीही खावे. पुष्कळदा टाकलेले कवच तो स्वतःच खातो, त्यातला चुना नव्या कवचाला लागतो. तुटलेला पाय असेल तर तोही कात टाकताना हळूहळू परत येतो. बाजारात घेतलेली चिंबोरी कधी कधी 'पोकळ' निघते, आत नुसते पाणी. ती नुकतीच कात टाकलेली असते. घेताना पोटाकडून अंगठ्याने दाबून बघावे. दबली तर घेऊ नये.

पहिला आळ : पाय ओढण्याचा

गोष्ट सर्वांना माहीत आहे. एक व्यापारी खेकड्यांच्या टोपल्या घेऊन चाललेला असतो. एका टोपलीला झाकण नसते. विचारले तर म्हणतो, "हे मराठी खेकडे आहेत, एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात." ही गोष्ट मी मुंबईत इतक्या भाषणांत ऐकली आहे की मोजदाद नाही. तरुण मुलांना उद्देशून तर ती हमखास सांगतात.

आता ज्याने खरोखर खेकड्यांची टोपली वाहिली आहे त्याला विचारा. टोपलीत खेकडे एकमेकांना धरतात हे खरे. पण का धरतात? खेकडा रानात एकटा राहणारा प्राणी. एका बिळात एक. ओढ्याच्या धारेत वाहून जाऊ नये म्हणून हाताला लागेल ते घट्ट धरायचे, हे त्याच्या अंगात मुरलेले. त्याला आणखी पन्नासांबरोबर एका टोपलीत कोंबले, खाली भक्कम जमीन नाही, वर आधार नाही, तर तो जे हाताला लागेल ते धरून वर जाऊ पाहतो. वरच्याचा पाय लागला तर पाय धरतो. वरच्याला खाली पाडावे असा विचार त्याच्या मनात नसतो. त्यालाही वरच जायचे असते. सगळ्यांनाच वर जायचे असते आणि टोपलीचे तोंड एकच असते.

खेकडे भांडत नाहीत असे मी म्हणत नाही. बिळावरून भांडतात, मादीवरून भांडतात. कात टाकलेल्या मऊ खेकड्याला दुसरा खाऊनही टाकतो. पण तेवढेच सांगणे म्हणजे अर्धे सांगणे.

ठाणे खाडीच्या काठी, तिवरांच्या चिखलात, ओहोटीला जाऊन बघा. नखाएवढे खेकडे हजारांनी बाहेर आलेले दिसतील. नराचा एक डेंगा अंगापेक्षा मोठा आणि दुसरा अगदी चिमुकला. मोठा हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दटावतो, आणि खातो मात्र चिमुकल्या डेंग्याने. अशाच एका जातीचा ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला आणि २००४ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की एखाद्या लहान खेकड्याच्या बिळावर परका घुसखोर आला, तर शेजारचा मोठा खेकडा कधी कधी स्वतःचे बीळ सोडून त्याच्या मदतीला धावतो आणि दोघे मिळून परक्याला हुसकावतात. यात मोठ्याचा फायदा असतो. जुन्या शेजाऱ्याशी हद्द एकदा ठरलेली असते. नवा दांडगा शेजारी आला तर पुन्हा भांडण नव्याने करावे लागेल. म्हणजे शेजाऱ्याला टिकवण्यात शहाणपण आहे एवढे त्या नखाएवढ्या जिवाला कळते.

खेकड्यांच्या जवळच्या नात्यातला आणखी एक आहे, रिकाम्या शंखात घर करणारा. तो वाढला की त्याला मोठा शंख लागतो. कुठे मोठा रिकामा शंख सापडला की कधी कधी पाच-सहा जण गोळा होतात आणि चक्क उंचीप्रमाणे रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरला की त्याचा जुना शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. एका रिकाम्या घराने सगळ्यांची बढती होते. ज्यांनी खोलीसाठी वर्षानुवर्षे अर्ज केले आहेत त्यांना या रांगेचे मोल अधिक कळेल.

मग टोपलीतल्या खेकड्यांवरून जातीचा स्वभाव कसा ठरवता येईल? टोपली खेकड्यांनी विणलेली नव्हती. त्यांना तिच्यात कुणी घातले, किती जणांना घातले, आणि बाजारात नेऊन कुणी विकले, हे त्या गोष्टीत कुणी विचारत नाही.

दुसरा आळ : रोगाचा

मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात आया म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. वॉर्डात एक बाई होती, गालाच्या आत कर्करोग झालेला. तिची सासू रोज उशाशी बसून म्हणायची, "माहेरी खेकडे खाल्ले, तोच आत शिरला." सून बिचारी ते ऐकून भिंतीकडे तोंड करून पडायची. रोग अंगात आणि दोषही तिच्याच पदरात.

कर्क म्हणजे खेकडा हे खरे. पण हे नाव कसे पडले ते सांगते. फार प्राचीन काळी ग्रीक वैद्यांनी या गाठींना आपल्या भाषेतले खेकड्याचे नाव दिले, कारण गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पसरलेल्या पायांसारख्या दिसल्या. पुढे तेच नाव लॅटिनमध्ये गेले, इंग्रजीत आले आणि आपण त्याचा कर्करोग केला. नुसत्या दिसण्यावरून पडलेले नाव. खेकडा खाऊन कर्करोग होत नाही.

त्या बाईच्या उशाखाली मिश्रीची डबी होती. दोष द्यायचाच तर तो तंबाखूला द्यायला हवा होता. तोंडाच्या कर्करोगाचे आपल्या देशातले मोठे कारण म्हणजे तंबाखू, मग ती मिश्री असो, मळलेली असो, पुडीतली असो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण मिश्रीची डबी आपल्या घराघरांतून अजून गेलेली नाही. तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर खेकड्याला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

खेकड्याची खरी काळजी दुसऱ्या ठिकाणी घ्यायची असते. गोड्या पाण्यातला खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कधी खाऊ नये. त्याच्यात एक बारीक जंत असू शकतो, जो माणसाच्या फुप्फुसात जाऊन राहतो. मग खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते आणि तो क्षय समजून औषधे चालू राहतात. ईशान्य भारतात, मणिपूरकडे, असे रुग्ण आढळले आहेत. आपल्याकडे खेकडा चांगला उकळून खाण्याची रीत आहे, ती सोडू नये. मेलेला खेकडाही घरात आणू नये. तो फार लवकर नासतो, म्हणून बाजारात जिवंतच घ्यायचा. आणि खेकडा खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर त्याने पुन्हा चव घेऊन बघू नये.

एवढे सांभाळले तर खेकड्यासारखे अन्न नाही. आये बारके पाय पाट्यावर ठेचायची, पाण्यात कोळून गाळायची, आणि तो रस वाटणात घालून कालवण उकळायची. सहा किरव्यांत आठ माणसांचे जेवण व्हायचे. ओल्या बाळंतिणीला आणि सर्दीने नाक वाहणाऱ्या पोराला त्याचाच गरम गरम कढ. आज मोठमोठ्या हॉटेलांत तोच खेकडा चांदीच्या ताटात येतो आणि माणसे चिमटे घेऊन खातात. पूर्वी आमच्या घरातून त्याचा वास बाहेर गेला की लोक नाक मुरडायचे.

तिसरा आळ : धरण फोडल्याचा

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतली घरे वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. जेवून झोपायच्या वेळी पाणी आले. माझ्या माहेरापासून ते गाव लांब नाही. त्या मुलखातला पाऊस काय असतो ते मला माहीत आहे. रात्रीच्या अंधारात पाण्याचा आवाज वाढत गेला की काळजात काय होते तेही माहीत आहे.

धरणाला गळती आहे हे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते. आणि धरण फुटल्यावर दोन-तीन दिवसांत राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले की, तिथे खेकड्यांचे प्रमाण फार आहे, खेकड्यांनी धरण पोखरले. महाराष्ट्रभर लोक चिडले. काही कार्यकर्ते जिवंत खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, हे घ्या आरोपी, यांना अटक करा.

आता न्यायाने बोलायचे तर खेकडा बांधाला बिळे करतो, हे कोकणातल्या शेतकऱ्याच्या लहान पोराला ठाऊक आहे. वाफ्यातले पाणी रात्रीत उतरले की समजायचे, किरव्याने भोक पाडले. म्हणून तर दर पावसात बांधावरून फेरी मारायची, भोक शोधायचे, दगड आणि चिकणमाती ठोकून ते बुजवायचे. आमच्या दोन वाफ्यांसाठी आये हे करायची, तेही भर पावसात, डोक्यावर इरले घेऊन.

मातीच्या धरणाचे तत्त्व वेगळे नाही, आकार तेवढा मोठा. मातीतून थोडे पाणी झिरपतच असते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर त्यावर लक्ष ठेवायचे. पण ते गढूळ येऊ लागले म्हणजे पाणी आतली माती घेऊन बाहेर पडते आहे, आतल्या आत वाट रुंद होते आहे. मग ती वाट खेकड्याच्या बिळापासून सुरू झालेली असो, कुजलेल्या मुळापासून असो, की नीट न ठोकलेल्या भरावापासून. म्हणूनच धरणावर देखरेख ठेवायची असते, पावसाळ्यापूर्वी पाहणी करायची असते, गळतीची तक्रार आली की ताबडतोब माणूस पाठवायचा असतो. खेकडे सह्याद्रीत धरणे बांधण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. ते बीळ करणार हे गृहीत धरूनच धरण बांधायचे आणि राखायचे. दोन वाफ्यांची मालकीण जे करते, ते सरकारने करायचे नाही, आणि माणसे वाहून गेल्यावर बोट दाखवायचे ते चिखलातल्या प्राण्याकडे, हा कुठला न्याय?

खेकड्याला बोलता येत नाही. तो मोर्चा काढत नाही, अर्ज देत नाही, वर्तमानपत्रात खुलासा पाठवत नाही. म्हणून त्याच्यावर काहीही ढकलता येते. आळ घेणाऱ्याला नेहमी असाच कुणीतरी हवा असतो, खाली राहणारा आणि उत्तर न देणारा. भेंदवाडीची माणसेही खालीच राहत होती. फरक एवढाच की त्यांनी आधी सांगितले होते.

जातककथांतला खेकडा

आपल्या जुन्या कथाकारांनी मात्र खेकड्याला एवढे हलके लेखलेले नाही. बकजातकात एक बगळा आटणाऱ्या तळ्यातल्या माशांना म्हणतो, तुम्हाला भरल्या तळ्यात नेऊन सोडतो. एकेकाला नेतो आणि झाडाखाली बसून खातो. सगळे मासे संपल्यावर खेकड्याला विचारतो. खेकडा म्हणतो, येतो, पण तुझ्या चोचीतून नाही. मी माझ्या डेंग्यांनी तुझी मान धरून बसेन. पुढे झाडाखाली माशांच्या काट्यांचा ढीग दिसतो, आणि खेकडा बगळ्याला मान आवळून परत तळ्याकाठी यायला लावतो. तिथे पोचल्यावर त्याची मान कापतो आणि पाण्यात शिरतो. गोड बोलणाऱ्याबरोबर जायची वेळ आलीच तर पकड आपल्या हातात ठेवून जावे, हे त्या खेकड्याला कळले होते. मासे नुसत्या शब्दावर गेले.

शेवटी वाचक बंधू-भगिनींना, आणि विशेषतः आयाबहिणींना, एवढेच सांगणे आहे. पावसात गावी जाल तेव्हा पोरांना ओढ्यावर न्या. मुंबईतच असाल तर ओहोटीला खाडीकाठी न्या. खेकडा उलटा करून पदर दाखवा, पदराखालची पिले दाखवा, आणि लेकुरवाळी असेल तर पोरांच्याच हातांनी पाण्यात सोडायला लावा. पुस्तकात वाचलेले विसरते, पण हातावरून चाललेली तांदळाएवढी पिले माणूस जन्मभर विसरत नाही. आणि एकदा असे स्वतः पाहिलेले पोर पुढे कुणाविषयीही, खेकड्याविषयी असो की माणसाविषयी, ऐकीव बोलायला कचरते.

आणि पुढच्या बैठकीत कुणी मोठ्या माणसाने पाय ओढणाऱ्या खेकड्यांची गोष्ट काढली, तर हसू नका. उठून नम्रपणे एवढेच विचारा, "दादा, ती टोपली कुणाची होती?"